दंडावरचं बटण, उशाखालचा फोन

मैत्रिणींनो, या आठवड्यात उन्हाळी वाळवणांबद्दल लिहीन असं मी कबूल केलं होतं. ते आता पुढच्या अंकी. कारण गेल्या महिन्यात तीन-चार पत्रं आली आणि सगळ्यांचा विषय एकच. इचलकरंजीच्या एका भगिनीनं लिहिलंय की मुलानं यांच्यासाठी मनगटी घड्याळ आणि दंडाला चिकटवायचं शुगरचं यंत्र पाठवलंय. यंत्र यांच्या दंडावर आणि घोर माझ्या जिवाला, तर याचं करायचं काय? पत्र वाचून मला हसूच आलं. अहो, हेच नाटक आमच्या घरी वर्षभर चाललंय! तेव्हा डॉक्टरांनी सांगावं ते मी सांगणार नाही, पण घरात अशी यंत्रं आल्यावर बाईमाणसाचं काय होतं ते मात्र अनुभवानं सांगते.

आमच्या सासूबाईंना मधुमेह होता. लग्न होऊन मी साताऱ्याला या घरात आले तेव्हा मोरीच्या कट्ट्यावर त्यांची एक छोटी प्रयोगशाळाच असायची. स्पिरिटचा दिवा, काचेची नळी आणि बेनेडिक्टचं निळं औषध. नळीत चमचाभर औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, चिमट्यानं धरून उकळायचं. निळं ते निळंच राहिलं तर सासूबाई खूष. हिरवट झालं तर भात कमी. पिवळं, नारिंगी, आणि वीट भाजल्यासारखं लाल झालं की त्या दिवशी त्या कुणाशी बोलत नसत. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण रंग ओळखायला त्यांना कुणाची गरज लागत नव्हती. आता त्या तपासणीचं फार कौतुक करायला नको. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही, आणि साखर कमी झाली तर निळ्या रंगातून काहीच कळत नाही. शिवाय कळायचं तेही काही तासांपूर्वीचं. पण नळी त्यांच्या हातात होती, हे मला आज फार आठवतं.

रक्तातली साखर घरी मोजण्याची सुरुवात कशी झाली तेही ऐकण्यासारखं आहे. १९६९ च्या सुमारास अमेरिकेत रिचर्ड बर्नस्टाईन नावाचे इंजिनियर होते, लहानपणापासूनचे मधुमेही. मिनिटाभरात रक्तातली साखर दाखवणाऱ्या एका यंत्राची जाहिरात त्यांच्या पाहण्यात आली. वजन सव्वा-दीड किलो, किंमत साडेसहाशे डॉलर, आणि मिळणार फक्त डॉक्टरांना नि इस्पितळांना. रोग्याच्या हातात असलं काही द्यायची रीतच नव्हती. पण त्यांची बायको डॉक्टर होती! तिच्या नावावर यंत्र मागवलं, आणि हे गृहस्थ दिवसातून अनेकदा स्वतःचं बोट टोचून आकडे टिपत बसले. कशानं साखर चढते, किती इन्सुलिननं किती उतरते, हे त्यांचं त्यांनीच शोधलं, आणि पुढे चाळिशी उलटल्यावर स्वतः डॉक्टर झाले. यंत्र बायकोच्या नावावर, पण बोट नवऱ्याचं आणि वहीही नवऱ्याचीच. ही वाटणी तेवढी ध्यानात ठेवा.

आता आमच्याकडची वाटणी ऐका.

यांना मधुमेह होऊन अठरा वर्षं झाली. दोन वर्षांपासून गोळ्यांच्या जोडीला सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी इन्सुलिन आहे. दिवाळीत मुलगा बेंगळुरूहून आला तो हे बटण घेऊन. शर्टाचं खूप मोठं बटण असावं तसं दिसतं, म्हणून आम्ही घरात त्याला बटणच म्हणतो. ते दंडाच्या मागच्या बाजूला दाबून बसवायचं, चौदा दिवस राहतं, मग काढून टाकायचं नि नवं लावायचं. पोटात केसासारखी बारीक लवचिक तार असते, ती कातडीखाली जेमतेम अर्धा सेंटिमीटर जाते. बसवताना दुखत नाही. यांनी आधीच डोळे मिटून घेतले होते, ते उघडेपर्यंत काम झालंही. मुलानं यांच्या फोनवर सगळं बसवून दिलं, स्वतःच्या फोनवरही आकडे दिसतील अशी सोय केली, आणि दोन दिवसांनी गेला. सगळं इंग्रजीत, बारीक अक्षरांत, आणि यांचा चष्मा नेहमी दुसऱ्याच खोलीत.

पहिला आठवडा कौतुकात गेला. मग फोन सुरू झाले. "बाबा, आता २४० दिसतंय, काय खाल्लंत?" "आई, तू त्यांना परत भात वाढलास का?" पोराचा हेतू वाईट नव्हता हो. इतक्या लांब राहून त्याला काळजी करायला तेवढाच एक आकडा सापडला होता. पण २६ जानेवारीला हे झेंडावंदन करून मित्रांबरोबर बसले होते, कुणीतरी जिलबी आणली, आणि दुसरी जिलबी हातात असतानाच चारचौघांत बेंगळुरूहून फोन! त्या दिवसापासून यांनी काय केलं, तर फोन घरीच ठेवून बाहेर पडायला लागले. बटण आणि फोन वीसेक फुटांपेक्षा लांब गेले की त्यांचं आपसातलं बोलणं थांबतं. त्यामुळे दंडावर चार-पाच हजारांचं यंत्र, आणि संध्याकाळी फिरायला जायच्या वेळचा आकडा कुणालाच माहीत नाही. शेवटी मीच तो फोन ताब्यात घेतला. रात्री उशाखाली घेऊन झोपू लागले. म्हणजे बघा, बोट यांचं, पैसे मुलाचे आणि गजर माझा.

गजर झाला पहिल्यांदा फेब्रुवारीत, रात्री दोनला. आकडा ६१. मी ताडकन उठले, साखरपाणी केलं, यांना हलवून उठवलं आणि पाजलं. हे म्हणतात, "अगं, मला काही होत नाहीये." मी कसली ऐकते! सकाळी आकडा २८०. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्री तेच. डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या कुशीवर झोपतात?" डाव्या. बटण कुठल्या दंडावर? डाव्याच. दंड अंगाखाली दाबला गेला की तारेभोवतीच्या पाण्याची ये-जा कमी होते आणि आकडा खोटाच खाली दिसतो. कूस बदलली की आपोआप वर येतो. मी मात्र तीन रात्री चांगल्या माणसाला साखर पाजत होते.

तेव्हा कळलं की हे बटण रक्त पाहतच नाही. पेशींच्या भोवती जो द्रव असतो त्यातली साखर ते पाहतं. रक्तातली साखर आधी बदलते आणि तिथली मागून, पाच-दहा मिनिटांनी. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढलं तरी खालच्या नळाला यायला वेळ लागतो, तसंच. म्हणून साखर भराभर चढत किंवा उतरत असेल तेव्हा बटण मागे राहतं. आणि म्हणूनच बटण आलं तरी बोट टोचायचा जुना ग्लुकोमीटर कपाटात टाकायचा नाही. अंगाला जाणवतं एक आणि फोन सांगतो भलतंच, असं झालं की बोट टोचून पाहायचं.

हे कळलं आणि मी दुसऱ्या टोकाला गेले. गजर झाला की झोपेतच बंद करायचा, यांना ढोसून कूस बदलायला लावायची, आणि झोपायचं. मार्चमधल्या एका रात्री पावणेतीनला असाच गजर झाला, असाच बंद केला. कूस बदलायला म्हणून हात लावला तर यांची पाठ घामानं निथळत होती. बनियन पिळून काढावा इतका ओला. मी दिवा लावला. हे डोळे उघडून माझ्याकडे बघत होते आणि म्हणाले, "धरणाची फाईल साहेबांकडे पाठवलीस का?" निवृत्त होऊन नऊ वर्षं झालीत यांना! माझ्या पोटात धस्स झालं. हात इतके कापत होते की दोन स्ट्रिपा खाली पडल्या. तिसरीवर आकडा आला ४६.

या वेळी काय द्यायचं ते जरा नीट सांगते, कारण आपण बायका घाबरून हाताला लागेल ते गोड देतो. देवापुढचा पेढा देऊ नये. खव्यातल्या स्निग्धामुळे साखर सावकाश रक्तात जाते, आणि इथे मिनिटं मोलाची असतात. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, म्हणजे पंधरा ग्रॅमच्या आसपास होते. पण जेवणाबरोबर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज नावाची गोळी चालू असेल तर साधी साखरही लवकर काम करत नाही, कारण साखर फोडण्याचं कामच ती गोळी रोखून धरते. त्यांना ग्लुकोज पावडरच द्यायला हवी. यांना ती गोळी आहे, म्हणून पावडरचा डबा आमच्या उशाशीच असतो. माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तरच द्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, एका कुशीवर वळवून थेट दवाखान्यात. आणि दिल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा बोट टोचायचं. ही पंधरा मिनिटं बाई गं, जन्मभर लक्षात राहतील. बोटाचा आकडा ७२ आला होता आणि फोन अजून ५४ दाखवत होता, वर बाण खाली! टाकी आणि नळाचं आठवलं म्हणून मी दुसरा पेला पाजला नाही. अर्ध्या तासानं ९८. मग अर्धी पोळी खाऊ घातली. हे म्हणाले, "एवढ्या रात्री पोळी?"

पण ते झालं कशानं? तेच सांगायचं आहे तुम्हाला. त्या दिवशी दुपारी फोनवर २१२ दिसला होता. मुलाचा फोन येऊन गेला होता. मी धसक्यानं रात्री यांना एकच भाकरी वाढली, भात वाढलाच नाही. आणि इन्सुलिन? ते नेहमीचंच, ठरल्या युनिटांचं दिलं. डॉक्टरांनी ते प्रमाण दोन भाकरी आणि वाटीभर भाताला बसवलेलं होतं. जेवण मी कमी केलं आणि औषध तेवढंच ठेवलं. म्हणजे आकड्याला घाबरून यांना त्या गर्तेत ढकललं ते मीच. दुपारी चढलेली साखर रात्रीच्या ताटावर काढायची नसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. यंत्राच्या खोक्यातल्या इंग्रजी पुस्तिकेत इतर सगळं होतं.

दुसऱ्या दिवशी मी यांना घेऊनच डॉक्टरांकडे गेले, आणि खरं सांगते, त्या दिवसापर्यंत यंत्राविषयी यांच्याशी कुणी धड बोललंच नव्हतं. डॉक्टरांनी खुर्ची यांच्याकडे वळवली. आकडा दिवसभर ७० ते १८० च्या मध्ये राहायला हवा हे खरं, पण चोवीस तास नव्हे. साधारण मोठ्या माणसाला सतरा तास राहिला तरी छान म्हणतात. वय झालेल्या, साखर अचानक उतरण्याचा धोका असलेल्या माणसाला निम्मा दिवस, बारा तासही चालतात; त्यांच्यात साखर चढण्यापेक्षा खाली जाऊ न देणं महत्त्वाचं. २०१९ साली देशोदेशींच्या तज्ज्ञांनी बसून हे ठरवून दिलेलं आहे. म्हणजे जिलबीनंतरचा २४० हा काही गुन्हा नव्हता. हे ऐकून यांनी माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू!

मग आम्ही घरातल्या घरात फेरबदल केले. फोन यांच्याकडे. अक्षरं मोठी केली. चढल्याचा गजर बंद केला, उतरल्याचा तेवढा ७० वर ठेवला. बटण उजव्या दंडावर गेलं. मुलाला यांनी स्वतः सांगितलं, "तू महिन्यातून एकदा आलेख बघ आणि मग बोल. मधे मी फोन करीन तेव्हा." तो थोडा रुसला. सूनबाईनं समजूत काढली असावी. आणि यांनी एक वही घातली आहे, खात्यात धरणाच्या पाण्याची पातळी लिहायचे तशी. सकाळी उठल्यावर, जेवणाआधी, जेवणानंतर दोन तासांनी. वहीत आता असले शोध निघतात की पोह्यांची भरलेली ताटली खाल्ली की ११८ चे २२६ होतात, पण अर्धी ताटली पोहे आणि बरोबर वाटीभर मटकीची उसळ, उसळ आधी खायची, तर १७१. हे आमच्या घरचं हं, तुमच्याकडे आकडे निराळे येतील. म्हणून तर म्हणते, फोनमधल्या खाद्यपदार्थांच्या यादीमागे लागू नका. त्यात पुरणपोळी सापडते, पण कुणाची? माझ्या जाऊबाईंची पुरणपोळी आणि माझी यांत दीड पट फरक आहे. वाटी कुठली, भाकरी केवढी, हे त्या यादीला काय ठाऊक? त्यापेक्षा एकच न्याहारी दोन दिवस सारखी करून आधीचा आणि दोन तासांनंतरचा आकडा पाहावा. एकादशीची साबुदाण्याची खिचडी एकदा अशी तपासून पाहा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ सत्त्व, उपासाच्या नावाखाली किती चढते ते कळेल.

आता विकत घेण्याआधीच्या काही गोष्टी. बटण घेण्याआधी फोन तपासा. ही बटणं सुरू करायला बऱ्याचदा फोनमध्ये एनएफसी नावाची सोय असावी लागते, आणि आपल्या साध्या, स्वस्त फोनांत ती पुष्कळदा नसते. आधी बटण आणून मग फोन बदलायची पाळी येते. जुन्या धर्तीच्या काही बटणांना आठ तासांत एकदा तरी फोन टेकवावा लागतो, नाहीतर मधला हिशेब पुसला जातो, आणि ती गजरही करत नाहीत. घेताना हे विचारून घ्यावं. दंडावर आदल्या दिवशी तेल लावलेलं असेल तर चिकटणार नाही. दिवाळीच्या अभ्यंगाला तेवढा दंड वगळावा. आंघोळीला हरकत नाही. एमआरआय करायला सांगितलं तर बटण असल्याचं आधी सांगावं. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या चालू असतील तरी सांगावं, काही बटणांचा आकडा त्यानं खोटा वर जातो.

आणि एक गोष्ट मला फार खटकली. बटणाची जागा ठरवताना बायकांचा विचार कुणी केलेला दिसत नाही. दंडाची मागची बाजू म्हणजे नेमकी ब्लाऊजच्या बाहीची कड! शेजारच्या वहिनींनी लग्नाला जाताना घट्ट बाहीचा ब्लाऊज घातला, परत येऊन घाईत काढला, आणि तिसऱ्याच दिवशी बटण बाहीबरोबर बाहेर. एवढे पैसे एका बाहीपायी गेले. बटण असेपर्यंत बाही सैल असावी, किंवा पुढून उघडणारा ब्लाऊज आधी बटणाच्या हातानं घालावा आणि काढताना तो हात शेवटी काढावा.

मनगटी घड्याळाबद्दल इचलकरंजीच्या भगिनींना स्पष्ट सांगते. घड्याळ पावलं मोजतं, नाडी मोजतं, ठीक आहे. पण कातडी न टोचता नुसतं मनगटावरून साखर सांगतो म्हणणारं घड्याळ किंवा अंगठी असेल तर तिच्या आकड्यावर गोळी की इन्सुलिन काही ठरवू नका. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना तसा इशाराच दिला होता, की स्वतःहून साखर मोजणाऱ्या अशा एकाही घड्याळाला वा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही. घड्याळात बटणाचा आकडा दिसतो ते वेगळं. तिथे मोजतं बटण, घड्याळ फक्त निरोप्या. पावलांचं म्हणाल तर मी ते घड्याळ घालून एकदा पुरणपोळ्या लाटल्या. संध्याकाळी बघते तर ओट्यापाशी उभ्याउभ्या माझी तीन हजार पावलं झालेली!

परदेशातून कुणी ग्लुकोमीटर पाठवला असेल तर त्यावरचं माप पाहा. ब्रिटन, ऑस्ट्रेलियाकडची यंत्रं वेगळ्या मापात सांगतात. तिकडचा ७ म्हणजे आपला १२६. अठरानं गुणायचं. एका ओळखीच्या घरी ३.१ आकडा पाहून सगळे निवांत होते, तीन म्हणजे काय मोठंसं! तो आपला ५६ होता. बोट टोचताना हात साबणानं धुऊन कोरडे करावेत, विशेषतः आंबा चिरल्यावर. रसाचा अंश बोटाला राहिला तर आकडा भलताच येतो. टोचावं ते बोटाच्या कडेला, मधोमध नव्हे, म्हणजे भांडी घासताना झोंबत नाही. स्ट्रिपांच्या डबीचं झाकण लगेच लावावं, पावसाळ्यात दमट हवेनं त्या बिघडतात. आणि सुई ज्याची त्यानं वापरावी, नवरा-बायको असलात तरी.

सगळ्यांनाच बटण हवं का? मला नाही वाटत. नुसत्या गोळ्यांवर ज्यांची साखर ताब्यात आहे त्यांना आठवड्यातून दोन-चारदा बोट टोचणं आणि डॉक्टर सांगतील तेव्हा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी पुरते. फार तर डॉक्टरांकडे जायच्या आधी चौदा दिवस एक बटण लावून आलेख दाखवावा. इन्सुलिन चालू असेल, रात्री साखर उतरत असेल, तर मात्र पैसे सत्कारणी लागतात. मार्चमधल्या त्या रात्री गजर झाला नसता तर मी उठलेच नसते, हेही विसरून चालणार नाही.

राहता राहिली माझी गोष्ट. वही सुरू केल्यावर एका सकाळी हे बोट टोचायला कुरकुरत होते. मी म्हटलं, "अहो, मुंगी चावल्यासारखं होतं, हे बघा," आणि नवी सुई घेऊन माझंच बोट टोचलं. न्याहारी होऊन दोन तास झाले होते. आकडा २३४. आम्ही दोघंही गप्प. हात धुऊन पुन्हा केलं, २२९. अठरा वर्षं यांचं पथ्य, यांच्या गोळ्या, यांची रात्र. त्या अठरा वर्षांत स्वतःचं बोट एकदाही टोचलं नव्हतं. पायांची आग होते ती उभं राहून, दमायला होतं ते वयानं, असं मीच ठरवून टाकलं होतं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची देशभरची पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्या अंदाजानं आपल्या देशात १० कोटींवर मधुमेही आणि साडेतेरा कोटींच्या वर उंबरठ्यावरचे. मी तो आकडा वाचला होता, तोही यांच्या काळजीनं. प्रयोगशाळेत तीन महिन्यांची सरासरी ७.९ निघाली. गोळी सुरू झाली आहे. यांनी न सांगता दुकानातून दुसरी वही आणली, तिच्यावर माझं नाव घातलं, आणि आता सकाळी चहाआधी हेच विचारतात, "अगं, तुझा आकडा लिहिलास का?"

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी ग्लुकोमीटर आहे त्यांनी उद्या सकाळी, काही खाण्याआधी, एक स्ट्रिप स्वतःसाठी खर्च करावी. वीस-पंचवीस रुपयांची असते. १०० च्या वर आली तर डॉक्टरांना दाखवावी.

पुढच्या आठवड्यात वाळवणं नक्की. साबुदाण्याच्या पापड्यांचं लिहिताना माझा हात जरा आखडेल, तेवढं सांभाळून घ्या.